रविवारचा कार्यक्रम

मी जिंकणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अर्ज माझा होता, वकील माझी चांगली होती आणि मुख्य म्हणजे बाजू माझी खरी होती. कुटुंब न्यायालयाच्या पायऱ्या चढताना माझ्या वकीलताई मला हळूच म्हणाल्या, "चेहरा जरा पडलेला ठेवा. इतक्या खुशीत इथे कोणी येत नाही."

"पडलेला चेहरा मला जमत नाही, ताई," मी म्हटलं. "नवरा सोडला तेव्हाही जमला नव्हता."

माझं मागणं साधं होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला सगळे पिपाणी म्हणतात, कारण जन्मल्याबरोबर तिने जो सूर लावला तो ऐकून दवाखान्यातल्या नर्सबाईंनीच ते नाव ठेवलं. ती राहते तिच्या बापाकडे. माझ्याकडे येते दर रविवारी, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. कोर्टाच्या भाषेत याला 'भेटीची वेळ' म्हणतात, जणू मी तुरुंगात आहे. तर मला ही वेळ वाढवून हवी होती. शनिवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत. तिने माझ्या घरी झोपावं, माझ्या घरी उठावं, आणि अख्खा रविवार आमच्या हातात असावा. एवढंच.

आई असून मूल बापाकडे कसं, असं विचारणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग येतो. तोंडाने विचारत नाहीत, भुवयांनी विचारतात. म्हणून सांगून टाकते. माझा धंदा साउंडचा. सभा असो, नाटक असो, शाळेचं संमेलन असो, माइक, स्पीकर, वायरी घेऊन मी हजर. जायची वेळ ठरलेली, यायची नाही. तिचा बाप दातांच्या कवळ्या बनवतो. डॉक्टर लोक साचे पाठवतात, हा घरामागच्या खोलीत बसून दात घडवतो. म्हणजे दिवसभर घरातच. शाळा समोरच्याच फुटपाथला लागून. मैत्रिणी वरच्या मजल्यावर. मुलीचं सगळं जग एका गल्लीत होतं आणि त्या गल्लीतून बाहेर पडणारी मी होते, म्हणून मी एकटी बाहेर पडले. हा निर्णय मी पूर्ण शुद्धीवर घेतला आणि आजही मला तो बरोबर वाटतो. भुवया ज्यांच्या त्यांनी खाली घ्याव्यात.

आम्ही वेगळे का झालो? भांडून नाही. भांडायला समोरच्याने उत्तर द्यावं लागतं. मी बोलायला लागले की हा खोलीत जाऊन घासायचं मशीन सुरू करायचा. मी आवाज वाढवणारी बाई, तो आवाज बुडवणारा माणूस. लोक म्हणतात, त्याचा माझ्यावर दात आहे. असेलही. त्याच्याकडे अर्ध्या शहराचे दात आहेत, त्यातला एखादा माझ्यावर असला तर काय बिघडलं?

असो. मुद्दा रविवारचा. तर रविवार या विषयात माझा हात धरणारं कोणी नाही. आमच्या धंद्यात सगळी कामं रविवारी येतात, आणि दोन वर्षांत मी रविवारचं एकही काम घेतलं नाही. धंद्यातली मंडळी मला वेड्यात काढतात. काढू देत. मंगळवारपासूनच माझ्या डोक्यात रविवार सुरू होतो. तलावात पोहणं झालं, नावेतून फेरी झाली, मातीची भांडी बनवायचा वर्ग झाला, बाहुल्यांचा खेळ झाला, विमानतळाच्या कुंपणाला नाकं लावून विमानं बघून झाली. दहाला सुरुवात, सहाला शेवट, मध्ये एक क्षण रिकामा नाही. हे मी धंद्यात शिकले. स्टेजवर शांतता पडली की लोक आधी चुळबुळ करतात, मग खोकतात, मग एकेक करून उठून जातात. माझ्या मुलीला उठून जावंसं वाटेल अशी शांतता मी कधी पडूच दिली नाही.

तारखेच्या आधीच्या रविवारी आम्ही घसरगुंड्यांच्या तलावावर गेलो होतो. ओल्या केसांनी बाकावर बसून आइसक्रीम खात असताना ती हसली आणि मला वरच्या ओळीत खिंडार दिसलं.

"अगं, दात कधी पडला?"

"बुधवारी. गणिताच्या तासाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"आता सांगतेय ना," ती म्हणाली. "बाबाने त्याचा साचा घेतला. पण त्याआधी मी घाबरले, कारण रक्त थांबेना, मग शाळेने बाबाला बोलावलं आणि त्याने कापूस धरला."

दात पडतो बुधवारी. ताप येतो सोमवारी. मैत्रिणीशी कट्टी होते शुक्रवारी आणि शनिवारी मिटतेसुद्धा. माझ्या वाट्याला फक्त बातम्या येतात, त्याही शिळ्या. मला वाटलं, यावर उपाय एकच. रविवार मोठा हवा. आठ तासांत काय काय बसवायचं एका बाईने?

सहाच्या ठोक्याला मी तिला घरी सोडलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "थँक यू आई. खूप मजा आली." दर रविवारी म्हणते, इतकं नीट, इतकं गोड. मला वाटतं, किती गुणी मुलगी आहे माझी.

"पुढच्या वेळी परत नावेतून जायचं?" मी विचारलं.

"चालेल."

"की बाहुल्या?"

"चालेल."

तिला माझ्याकडचं सगळंच चालतं. मी खुशीत जिना उतरले.

आता कोर्ट. न्यायालयाची खोली म्हणजे उंच छताची, आवाज घुमणारी जागा. असल्या खोलीत कोणी काही बोललं की शब्दाच्या मागे त्याचं शेपूट फिरत राहतं. न्यायाधीशांच्या टेबलावर एक माइक होता आणि तो बारीक गुणगुणत होता. कुठलीतरी वायर सैल असणार. माझे हात शिवशिवायला लागले. वकीलताईंनी माझा दंड असा चिमटला की मी गप्प बसले.

त्याचे वकील उंच आणि किडकिडीत. प्रत्येक वाक्याआधी चष्मा काढायचे आणि वाक्य संपलं की घालायचे. "मुलगी सोमवारी शाळेत पेंगते, साहेब," त्यांनी चष्मा काढून सांगितलं. "रविवारी तिला इतकं फिरवलं जातं की सोमवारी तिच्या अंगात त्राण नसतं. त्यात आता रात्रीचा मुक्काम? आणि अर्जदार बाईंचं काम सगळं कार्यक्रमांचं. मूल कुठल्या मांडवात झोपेल याचा भरवसा काय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण वकीलताई शांतपणे उठल्या आणि त्यांनी फोटोंची फाईल पुढे केली. ही माझी कल्पना. नावेतली पिपाणी, चिखलाने माखलेली पिपाणी, विमानाखाली हात पसरून उभी पिपाणी. प्रत्येक फोटोत ती हसत होती आणि बहुतेकांत मीही.

न्यायाधीशसाहेबांनी सावकाश एकेक फोटो उलटला. वयस्कर माणूस, खालचा आवाज, घाई नाही. शेवटचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "घरातला एखादा नाही का?"

"घरात फोटो कोण काढतं, साहेब?" वकीलताई म्हणाल्या.

"तेही खरंच," ते म्हणाले आणि फाईल मिटली. मग म्हणाले, "मी मुलीशी बोलतो."

पिपाणी तोवर बाहेर समुपदेशक बाईंजवळ बसली होती. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, एक जरा वाकडी. वेण्या तिचा बाप घालतो आणि एक नेहमी वाकडी येते. मला बघून तिने हात हलवला आणि साहेबांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेली. दार लागलं.

आम्ही दोघं बाहेरच्या एकाच बाकावर बसलो, कारण दुसरा बाकच नव्हता. त्याच्या नखांत पांढरं प्लास्टर होतं. नेहमीच असतं.

"आज तू हरणार," मी म्हटलं.

"बहुतेक," तो म्हणाला.

त्याच्याशी असंच असतं. वादाला मजाच नाही.

बऱ्याच वेळाने आत बोलावलं. साहेबांनी समोरचा कागद बघितला, मग बाजूला ठेवला. "मुलगी समजूतदार आहे," ते म्हणाले. "दोघांबद्दलही वाईट बोलत नाही. आई सगळ्यांत भारी आहे, असं तिचं मत आहे."

मी वकीलताईंकडे पाहिलं. सांगितलं होतं ना, अशा नजरेने.

"मी तिला विचारलं, आईकडे राहायला जायला आवडेल का? त्यावर तिचं उत्तर मी तिच्याच शब्दांत सांगतो. ती म्हणाली, 'मला कार्यक्रम नको. कार्यक्रम नसेल तेव्हा मला आईकडे जायचंय.'"

त्याच्या वकिलांनी चष्मा काढायचीसुद्धा वाट पाहिली नाही. "हेच, साहेब! हेच आम्ही सांगत होतो. बाई मुलीला कामावर नेतात. भेटीच्या वेळेत स्वतःचा धंदा करतात!"

"माझ्या अशिलाने दोन वर्षांत रविवारचं एकही काम घेतलेलं नाही," वकीलताई कडाडल्या.

"मग मूल खोटं बोलतंय का?"

"खोटं कशाला? पढवलेलं असेल!"

दोघांचे आवाज त्या उंच छताला जाऊन आपटायला लागले. साहेबांनी हात वर केला आणि तिच्या बापाकडे वळले. "तुम्हाला काय माहीत आहे?"

तो उभा राहिला. "नाही, साहेब. रविवारी ती काम घेत नाही. मला ठाऊक आहे."

त्याच्या वकिलांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं हा एखाद्या फसलेल्या साच्याकडे पाहतो. मी मात्र मनात म्हटलं, माणूस मुखदुर्बळ असेल, पण खोटा नाही.

"मग ही मुलगी बोलतेय कशाबद्दल?" साहेबांनी विचारलं. कोणालाच विचारलं नाही, नुसतं विचारलं.

मला आधी राग आला. खोटं कशाला बोलू? नावेतून नेलं, विमानं दाखवली, धंद्यावर पाणी सोडलं, आणि ही साहेबांना सांगते की नको. आणि मग तो शब्द माझ्या कानात पुन्हा वाजला. कार्यक्रम. हा शब्द तिला शाळेने शिकवलेला नाही. मी शिकवलाय. ती तीन-साडेतीन वर्षांची होती तेव्हा कधी कधी माझ्यासोबत यायची. वायरींच्या रिकाम्या पेटीवर बसून सगळं टकामका बघायची. दिवे, माणसं, टाळ्या. एकदा तिने विचारलं, "आई, आपण आता इथेच राहायचं?" मी हसले होते. म्हटलं होतं, "नाही गं बाई, हा कार्यक्रम आहे. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायच्या आणि आपापल्या घरी जायचं."

तेव्हापासून तिच्या लेखी कार्यक्रमाचा अर्थ तोच. छान असतो. सगळे हसतात. आणि तो संपतो, आणि मग आपापल्या घरी जायचं असतं. दहाला सुरू, सहाला बंद, शेवटी उभं राहून आभार मानायचे. माझी पोर दोन वर्षं दर रविवारी बापाच्या दारात उभी राहून माझं आभारप्रदर्शन करत होती आणि मी तिला गुणी म्हणत होते.

पण मी फार वेळ पस्तावत बसणारी बाई नाही. मी उभी राहिले.

"बसा," वकीलताई दातांतल्या दातांत म्हणाल्या.

"साहेब, ती माझ्याबद्दलच बोलतेय," मी म्हटलं. "कार्यक्रम म्हणजे मीच. म्हणजे आमचा रविवार. ती फाईल बघितलीत ना तुम्ही? त्यात घरातला फोटो नाही कारण आम्ही घरात कधी बसलोच नाही. मी तिला एक मिनिट रिकामं ठेवलं नाही. मला वाटायचं, रिकामं ठेवलं तर ती जाईल. ती माझ्याकडे पाहुणी म्हणून येते, साहेब, आणि शहाण्या पाहुण्यासारखी वागते. मला अर्ज बदलायचाय."

"कसा?"

"मला रविवार नको."

वकीलताईंनी माझी बाही ओढली. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मलाच ऐकू आला. "अहो, हातात आहे ते सोडू नका. रविवार तुमच्याकडे हुकमाने आहे. दुसरं काही मिळालं नाही तर तोही जाईल आणि रिकाम्या हाताने घरी जाल."

त्या बरोबर बोलत होत्या. रविवार सोडला आणि तिचा बाप अडून बसला, तर माझ्याकडे शिळ्या बातम्याही उरणार नव्हत्या. पण चुकीची गोष्ट जिंकून घरी नेण्यात मला काडीचा रस नव्हता.

"सगळे रविवार यांना द्या," मी म्हटलं. "मला मंगळवार आणि गुरुवार द्या. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत."

साहेब पुढे झुकले. "मंगळवारी काय करणार तिच्याबरोबर?"

"काही नाही, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे गृहपाठ. केस धुणं. नखं कापणं. ताप आला तर ताप. दात पडला तर मी कापूस धरीन."

खोलीत कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी समुपदेशक बाईंना बोलावलं आणि आम्हा दोघांना म्हणाले, "वकिलांना बाहेर ठेवा. दोघं बसा, बोला आणि काय ठरतंय ते मला येऊन सांगा."

समुपदेशक बाईंची खोली मुलांसाठी सजवलेली होती, त्यामुळे खुर्च्याही मुलांच्याच. आम्ही दोघं घोट्याएवढ्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. बाई कोपऱ्यात टेबलाशी बसल्या आणि खाली मान घालून ऐकायला लागल्या. त्याच्या वकिलांनी त्याला दारातच बजावलं होतं, कशालाही हो म्हणू नका.

तो बराच वेळ गप्प. इथे त्याचं घासायचं मशीन नव्हतं, त्यामुळे ती शांतता मला पूर्ण ऐकावी लागली. मी काही बोलले नाही. हे माझ्यासाठी केवढं मोठं काम होतं, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

"मंगळवारी भूगोल असतो," शेवटी तो म्हणाला.

"मग?"

"तिला पाठ होत नाही. चिडते. वही फेकते. परवा दूध सांडलं आणि माझ्यावरच ओरडली."

"तुझ्यावर ओरडते?"

"रोज."

मला इतका हेवा वाटला की सांगता सोय नाही. "माझ्यावर कधीच ओरडली नाही," मी म्हटलं.

"तुझ्यावर कशाला ओरडेल? तू नावेत नेतेस." त्याने नखातलं प्लास्टर कोरलं. मग मान वर न करता बोलायला लागला, आणि आमच्या लग्नात तो सलग इतकं बोलल्याचं मला आठवत नाही. "सोमवार ते शनिवार ऊठ, आवर, दूध पी, वही काढ. सगळं मी बोलायचं. आणि रविवारी ती स्वतःहून उठते, स्वतःहून आवरते आणि तुझा हात धरून हसत जाते. मी खिडकीत उभा असतो. दोन वर्षांत मला तिचा एक रविवार मिळाला नाही. तुला अजून शनिवारही हवा होता."

मला वाटायचं, रविवारी हा निवांत असेल. "रविवारी करतोस काय तू?"

"कवळ्या."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला सुट्टी मिळते, असं मी समजत होते. त्याची सुट्टी मी घेऊन जात होते. मला त्याचं वाईट वाटलं, मनापासून वाटलं, आणि तसं मी त्याला सांगितलंही. तो नुसता "हं" म्हणाला, पण या वेळी ते बंद करणारं 'हं' नव्हतं.

मग तो मुद्द्यावर आला. "मंगळवारी किंवा गुरुवारी काम आलं तर?"

"घेणार नाही."

"मोठं आलं तर?"

"मोठी कामं रविवारी येतात. रविवार आता मोकळा आहे."

"शाळेतून फोन आला तर?"

"मंगळवार-गुरुवार माझा नंबर दे. मी येईन."

"वाहतुकीत अडकलीस म्हणून सांगशील."

"शिव्या घाल तेव्हा मला. मशीन लावू नकोस, शिव्या घाल."

त्याला हसू आलं. त्याचे स्वतःचे दात फार चांगले आहेत, हे मी विसरले होते. आणि त्याने, जरा घाबरूनच, विचारलं, "मग रविवारी मी तिला कुठे नेऊ?"

माझ्या तोंडात यादी तयार होती. तलाव, नाव, बाहुल्या, कुठलं तिकीट आधी काढायचं, कुठे गर्दी नसते. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"तिलाच विचार," मी म्हटलं.

आम्ही आत गेलो आणि त्यानेच साहेबांना सांगितलं. त्याच्या वकिलांनी चष्मा काढला, पण बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो पुसला. साहेबांनी हुकूम सांगितला: मंगळवार आणि गुरुवार, मुक्कामासह, आईकडे. रविवार वडिलांकडे. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. बाहेर आल्यावर वकीलताई म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या वकिलीत मला पहिल्यांदाच कळेना की माझी अशील जिंकली की हरली."

"जिंकली, ताई," मी म्हटलं. "तिळमात्र शंका नको."

पण पहिल्या मंगळवारी शाळेच्या फाटकाशी उभी राहिले तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. हातात तिकीट नाही, डोक्यात बेत नाही. माझं घर म्हणजे दोन खोल्या, त्यातल्या एकीत स्पीकरच्या पेट्या. एक टेबल, त्यावर माझी हत्यारं. रविवारी ती इथे चपला बदलायला आणि पाणी प्यायला यायची, तेवढीच.

ती आली. आम्ही घरी पोचलो आणि तिने दप्तर टेबलाशी टेकवलं. "आज काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे सरप्राइज?"

"नाही गं. खरंच काही नाही. तुझा भूगोल आहे, आणि मला एक माइक दुरुस्त करायचाय."

तिने संशयाने खोलीभर नजर फिरवली. टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं. मग खुर्ची ओढून बसली, वही काढली. मी तिच्या समोर बसून माइक उघडला. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. तिची पेन्सिल कागदावर खरखरत होती. शांतता पडली होती, चांगली लांब, आणि माझा जीव वरखाली होत होता, पण मी जागची हलले नाही.

मग तिने पेन्सिल टाकली. टेबलाला पाय मारला. एकदा, दोनदा.

"आई, मला कंटाळा आलाय."

दोन वर्षांत हे वाक्य तिने मला कधी ऐकवलं नव्हतं. त्याला जागाच ठेवली नव्हती मी. "बरं," मी म्हटलं.

"बरं काय? काहीतरी कर ना!"

"मी माइक करतेय."

"तो किती बोअर आहे! सगळं बोअर आहे! हा नकाशा पण घाणेरडा आहे, आणि तुझी खुर्ची टोचते!" तिचा आवाज चढत चढत नर्सबाईंनी नाव ठेवलं होतं तिथपर्यंत गेला. शेजाऱ्यांनी नक्की ऐकला असणार. तिने हाताची घडी घातली आणि माझ्याकडे असं रागाने पाहिलं, जसं माणूस फक्त घरच्यांकडे पाहतो. मला इतका आनंद झाला की मी खाली मान घालून स्क्रू शोधायचं नाटक केलं. हसले असते तर मार खाल्ला असता.

"गुरुवारी तरी काही आहे का?" तिने विचारलं.

"नाही. गुरुवारीही काही नाही."

"त्याच्या पुढच्या मंगळवारी?"

"तेव्हाही नाही."

ती फुरंगटून बसून राहिली. मग पेन्सिल उचलली आणि एक नदी काढली, जोर देऊन, कागद फाटेल अशी. नकाशा अर्धा झाल्यावर तिने दप्तर आवरायला घेतलं. वही आत गेली, कंपास आत गेली. रंगपेटी हातात धरून ती थोडा वेळ थांबली.

"मग ही इथेच राहू दे," ती म्हणाली, अजून घुश्शातच. "गुरुवारी लागेल. परत परत कोण आणणार?"

मी टेबलाचा खण उघडला, स्क्रू आणि टेपची रिळं एका बाजूला सारली आणि जागा केली.